मंगला गौरीच्या गल्लीत चालीसा काळ

पंचगंगा घाटाच्या वर, मंगला गौरीच्या देवळाजवळच्या गल्लीत माझी भाड्याची खोली आहे. दाराच्या चौकटीत झावळीचा विणलेला छोटा क्रूस खोचलाय. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारचा, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारचा तो. आणला तेव्हा पोपटी होता, आता गव्हाच्या काडीसारखा झालाय. मी वसईची, कॅथलिक. घरमालकीणकाकू काशीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरातल्या. ईस्टरच्या आधीचा दीड महिना आमच्याकडे प्रश्नोत्तरांचा हंगाम असतो. "अगं, आज तुझा कुठला उपास?" "आणि तारीख दरवर्षी बदलते कशी गं तुमची?" त्यांना उत्तर द्यायचं म्हणून मी पुस्तकं उघडत गेले आणि माझ्याच सणाबद्दल इतकं काही सापडलं, की ते एकटीने ठेवून घेणं बरं वाटेना.

चाळीस म्हणजे किती?

ईस्टरच्या आधीच्या या दिवसांना आम्ही मराठीत उपवासकाळ किंवा प्रायश्चित्तकाळ म्हणतो. गोव्यात कोकणीत 'करेज्म', पोर्तुगीज 'चाळिसावा'वरून आलेला. बनारसला आल्यावर इथल्या चर्चमध्ये पहिल्यांदा ऐकलं, 'चालीसा काल'. ज्या शहरात सकाळ-संध्याकाळ हनुमान चालीसा कानावर पडतो, तिथे हा शब्द ऐकून मला घरात आल्यासारखं वाटलं. काकूंनाही पुढे काही समजावून सांगावं लागलं नाही.

पण कॅलेंडरवर बोट ठेवून मोजा. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत दिवस भरतात सेहेचाळीस. मधले सहा रविवार वजा करायचे, कारण रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास धरत नाहीत. म्हणून चाळीस. येशूने वाळवंटात उपास केला ते दिवसही चाळीसच.

राख येते कुठून?

माझ्या चौकटीतल्या त्या क्रूसातून. लोक आदल्या वर्षीच्या झावळ्या चर्चमध्ये परत आणून देतात, त्या जाळतात आणि तीच राख बुधवारी कपाळाला लागते. ज्या हिरव्या फांद्या हलवून येशूचं स्वागत केलं, त्यांचीच वर्षभराने राख. भारतात फादर अंगठ्याने कपाळावर क्रूस काढतात. इटलीत चिमूटभर राख डोक्यावर शिंपडतात.

बनारसला राखेचं नवल नाही. रंगभरी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी मणिकर्णिकेवर चिताभस्माची होळी खेळली जाते. 2018 साली महाशिवरात्र 13 फेब्रुवारीची आणि राखेचा बुधवार लगेच 14 फेब्रुवारीचा होता. 2024 साली राखेचा बुधवार, वसंतपंचमी आणि व्हॅलेंटाइन डे, तिन्ही 14 फेब्रुवारीला.

तारखेचं गणित, आणि अधिक महिना

काकूंचा सगळ्यात आवडता प्रश्न हा. ख्रिसमस 25 डिसेंबरला ठरलेला, मग ईस्टरच का फिरतो? कारण ईस्टर चंद्रावर चालतो. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्यानंतरचा रविवार घ्यायचा. त्यामुळे ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल या पट्ट्यातच येतो. 22 मार्चचा ईस्टर शेवटचा 1818 साली आला होता, पुढचा येईल 2285 साली. 25 एप्रिलचा मात्र आपल्यातले बरेच जण पाहतील. तो 1943 साली आला होता आणि पुन्हा 2038 साली येणार आहे.

आता ही पौर्णिमा आपल्या पंचांगात शोधा. ती बहुतेक फाल्गुनी तरी असते, नाहीतर चैत्री. म्हणजे आमचा पवित्र आठवडा कधी होळीला चिकटतो, कधी हनुमान जयंतीला. 2021 आणि 2024, दोन्ही साली झावळ्यांच्या रविवारीच संध्याकाळी होलिकादहन होतं. 2019 साली उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) आणि हनुमान जयंती एकाच दिवशी, 19 एप्रिलला. 2023 आणि 2026 साली हनुमान जयंती आली ती पवित्र गुरुवारी.

याहून गंमत म्हणजे दोन्हीकडची गणितं करणाऱ्यांना एकच अडचण होती आणि एकच वाट सापडली. चंद्राचे बारा महिने सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा दिवसांनी कमी पडतात. एकोणीस वर्षांत चांद्रमास होतात 235, म्हणजे एकोणीस गुणिले बारा, वर सात. आपल्या पंचांगात हे सात अधिक महिने म्हणून दिसतात. ईस्टरची कोष्टकं मांडणाऱ्यांनीही हेच एकोणीस वर्षांचं चक्र धरलं. 2004 साली अधिक श्रावण होता, तो पुन्हा एकोणीस वर्षांनी 2023 साली आला, याचं कारण हेच. काकूंनी हे ऐकलं आणि भिंतीवरचं पंचांग खाली उतरवून माझ्यासमोर ठेवलं. तासभर आम्ही दोघी त्यात हीच गणितं करत होतो.

एक बारीक मेख मात्र आहे. चर्चची पौर्णिमा आकाशातली नाही, कोष्टकातली. 2019 साली आकाशातल्या हिशोबाने वसंतसंपात 20 मार्चला आणि पौर्णिमा 21 मार्चला होती. तशी धरली असती तर ईस्टर 24 मार्चला आला असता. कोष्टकाने तो 21 एप्रिलला नेला. जवळजवळ महिनाभर उशिरा!

उपासाचं ताट

"मग साबुदाण्याची खिचडी करू तुझ्यासाठी?" काकू दरवर्षी विचारतात आणि मी दरवर्षी हो म्हणते. नियमाने पाहिलं तर आम्हाला भातही चालतो, पोळीही चालते. नियम मांस न खाण्याचा आहे, वय वर्षं चौदाच्या पुढे सगळ्यांना. कडक उपासाचे दिवस दोनच, राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार. एक वेळ पोटभर जेवण, बाकी दोन वेळा थोडंसं. हा उपास अठरा पूर्ण झाल्यावर लागू होतो आणि साठाव्या वर्षात पाऊल टाकलं की सुटतो. काकूंना ही सूट अजिबात पटलेली नाही. त्या सत्तरीच्या पुढे आहेत आणि एकही एकादशी चुकवत नाहीत.

मासळी मांसात धरत नाहीत, हे वसईच्या माणसाचं केवढं भाग्य! व्हेनेझुएलात तर कॅपिबारा नावाचा पाण्यात राहणारा घुशीसारखा मोठा प्राणीही उपवासकाळात खाण्याची जुनी रीत आहे.

आणि आता आपल्या उपासाच्या ताटाकडे बघू. बटाटा, मिरची, शेंगदाणा आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कसावा, चारही मूळचे अमेरिका खंडातले. कोलंबसाच्या आधी काशीतल्या कुठल्याच एकादशीला ही खिचडी शक्य नव्हती. 'बटाटा' हा शब्द तर आपण पोर्तुगिजांकडून जसाच्या तसा उचलला. ज्या दर्यावर्दींनी वसईत करेज्म आणला, त्यांच्याच भाषेतला शब्द आज मराठी उपासाच्या ताटात बसलाय.

केरळची रीत वेगळीच. पवित्र गुरुवारी रात्री तिथल्या सिरियन ख्रिस्ती घरांत 'पेसहा अप्पम' होतं. हे न आंबवलेलं अप्पम असतं, वर झावळीचा क्रूस ठेवतात आणि घरातला कर्ता माणूस ते मोडून सगळ्यांना वाटतो. 'पेसहा' म्हणजे हिब्रू 'पेसाह', यहुद्यांचा वल्हांडण सण. युरोपातल्या अनेक भाषांत ईस्टरचं नाव याच शब्दावरून पडलंय. कोकणीतही 'पास्कांचें फेस्त' आणि इथल्या हिंदी चर्चमध्ये 'पास्का'. वेगळ्या वाटेने गेल्या त्या इंग्रजी आणि जर्मन.

पाय

पवित्र गुरुवारी फादर गुडघ्यांवर बसून बारा जणांचे पाय धुतात, पुसतात, चुंबन घेतात. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे धुतले होते, तसेच. कित्येक शतकं हे बाराही पुरुषच असत. 2013 साली पोप फ्रान्सिस रोमच्या बालसुधारगृहात गेले आणि तिथल्या कैदी मुलामुलींचे पाय धुतले. त्यांत एक मुसलमान मुलगीही होती. जानेवारी 2016 मध्ये नियमच बदलला आणि बायकांचे पायही त्या बारांत आले. हे मी लहानपणी पाहिलं नव्हतं. वयस्कर बाई बाकावर बसते, अवघडून साडी घोट्याच्या जराशी वर घेते आणि फादर तिच्या भेगाळलेल्या टाचेवर पाणी ओततात. तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी येतंच.

घंटा कुठे गेल्या?

त्याच गुरुवारच्या मिस्सेत, म्हणजे मुख्य उपासनेत, 'ग्लोरिया' या स्तुतिगीताच्या वेळी घंटा जोरात वाजतात आणि नंतर एकदम मुक्या होतात. शनिवारच्या रात्रीपर्यंत एकही घंटा नाही. वेदीवरचं कापड काढतात, मेणबत्त्या काढतात, ख्रिस्तप्रसादाची निवासपेटी उघडी आणि रिकामी. घंटेच्या जागी लाकडी खटखट्या. गोव्यात त्याला 'मात्राक' म्हणतात. त्याचा आवाज कोरडा, अंगावर येणारा. फ्रान्समध्ये मुलांना सांगतात, की घंटा रोमला उडून गेल्यात, ईस्टरला खाऊ घेऊन परत येतील.

मंगला गौरीत हे दोन दिवस मला फार जाणवतात. इथे पहाटेपासून घंटा असते. मंगला गौरीची असते, खालच्या बिंदुमाधवाची असते, घराघरातल्या देवघरांची असते. नव्या लग्न झालेल्या मुली श्रावणात मंगळागौर पुजतात ती हीच देवी. काशीच्या नऊ गौरींपैकी ही एक, चैत्र नवरात्रात आठव्या दिवशी तिच्या दर्शनाला रांग लागते. तिची घंटा वाजते तेव्हा माझं चर्च गप्प असतं, आणि मला आमच्या वसईच्या घंटा आठवतात.

कारण त्या खरंच उडून गेल्या होत्या. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीज चर्चमधल्या कित्येक घंटा मराठी मुलखातल्या देवळांत गेल्या. नाशिकच्या पंचवटीत नारोशंकराच्या देवळावरची घंटा 1721 सालची, पोर्तुगीज ओतकामाची. तिच्यावरून मोठ्या आवाजाच्या माणसाला 'नारोशंकराची घंटा' म्हणायची पद्धत पडली. भीमाशंकरला एक आहे. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर आणखी एक आहे, 1707 सालची. तिच्यावर मारियेच्या कडेवर बाळ येशू कोरलेला आहे. याच नानांचा वाडा माझ्या खोलीपासून पाच-सात मिनिटांवर, ब्रह्मा घाटाकडे. काकू त्या वाड्यावरून जाताना आता हटकून म्हणतात, "तुमची घंटा यांच्याचकडे हो." मी मेणवलीला जाऊन त्या घंटेखाली उभी राहिले आहे. मारियेचा चेहरा पावसापाण्याने झिजलाय, तरी ओळखू येतो. जिने पवित्र गुरुवारी गप्प राहायचं, ती आता कधी वाजते, हे मी बराच वेळ तिथे उभी राहून ठरवू शकले नाही. ती टिकली आहे, आणि मारिया तिच्यावर आहे, याचा मला फार आनंद झाला.

शुक्रवार

उत्तम शुक्रवारबद्दल थोडक्यात. जगभरातल्या एकाही कॅथलिक चर्चमध्ये या दिवशी मिस्सा होत नाही. प्रार्थनाविधी असतो, साधारण दुपारी तीनला, आणि ख्रिस्तप्रसाद आदल्या दिवशी राखून ठेवलेला. या दिवशी चर्चमध्ये जमणारं दान जेरुसलेम आणि आसपासची पवित्र स्थळं सांभाळण्यासाठी पाठवलं जातं. आणि मनापासून एक विनंती: या दिवशी कुणाही ख्रिस्ती माणसाला शुभेच्छा देऊ नका. इंग्रजी नावातला 'गुड' हा जुन्या अर्थाने 'पवित्र'. हा घरातलं माणूस गेल्याचा दिवस आहे. जर्मन लोक त्याला सरळ शोकाचा शुक्रवार म्हणतात.

चौदा थांबे आणि पंचक्रोशी

इजेरिया नावाची एक बाई चौथ्या शतकाच्या शेवटी जेरुसलेमच्या यात्रेला गेली आणि तिथला पवित्र आठवडा तिने घरच्या मैत्रिणींसाठी लिहून ठेवला. लोक रात्रभर कसे चालतात, कुठे थांबतात, कुठे रडतात, सगळं. तिची वही हरवली होती. तिची एक नक्कल 1884 साली इटलीत अरेत्सोला सापडली. झावळ्या घेऊन निघणाऱ्या मिरवणुकीचं वर्णन तिच्यात आहे. म्हणजे माझ्या दारावरचा क्रूस सोळाशे वर्षांच्या रांगेतला आहे.

पण जेरुसलेमला किती जण जाणार? म्हणून चर्चच्या भिंतींवर येशूच्या शेवटच्या वाटेची चित्रं लावून त्यांच्यासमोरून चालायची रीत आली. हीच 'क्रुसाची वाट'. पोप बारावे क्लेमेंट यांनी 1731 साली तिची स्थानं चौदा ठरवून दिली. उपवासकाळात दर शुक्रवारी आम्ही ती चालतो.

काशीत याला जोड आहे, आणि ती मला काकूंनीच दाखवली. पंचक्रोशी यात्रा म्हणजे सुमारे ऐंशी किलोमीटर, पाच मुक्काम, वाटेत 108 ठिकाणं. ज्यांचे पाय चालत नाहीत त्यांच्यासाठी शहरात पंचक्रोशीचं एक देऊळ आहे. तिथे यात्रेतल्या देवतांच्या मूर्ती भिंतींभोवती कोरल्यात. तिथे प्रदक्षिणा घातली की पंचक्रोशी घडली. काकूंचे गुडघे गेले तेव्हापासून त्या तिथेच जातात. मी त्यांच्याबरोबर गेले, भिंतीवरच्या एकेका कोनाड्यासमोर थांबत थांबत, आणि माझे पाय आपोआप क्रुसाच्या वाटेच्या चालीने पडू लागले.

गोव्यातली मिरवणूक तर पाहायलाच हवी. उपवासकाळाच्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी गोंय व्हेल्हात फ्रान्सिस्कन परंपरेतली संतांची मिरवणूक निघते. तीसेक मूर्ती खांद्यांवर घेऊन लोक गावातून चालतात.

बनारसमध्येही लोक जमतात. कँटोन्मेंटमधलं सेंट मेरीज कॅथेड्रल हे वाराणसी धर्मप्रांताचं मुख्य चर्च. हा धर्मप्रांत 1970 सालचा. शहराबाहेर मातृधाम आश्रमात शुक्रवारी हजारोंनी लोक जमतात. त्यांतल्या बहुतेकांचा बाप्तिस्मा झालेला नसतो, ते स्वतःला ख्रिस्तभक्त म्हणवतात. चपला बाहेर, सगळे जमिनीवर बसलेले, गाणी हिंदी-भोजपुरीत. गुडघे टेकण्याऐवजी हात जोडून वाकणं, मेणबत्तीऐवजी समई, आरती, या गोष्टींना रोमने 1969 सालीच परवानगी दिली होती. भारतातल्या विधींसाठी अशी बारा कलमं तेव्हा मंजूर झाली.

ओवीतला येशू

एकनाथांनी भागवतावरची आपली टीका पुरी केली ती याच काशीत, 1573 साली. त्यानंतर सहा वर्षांनी, 1579 साली, थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला. तो मराठी शिकला, इतकी मराठी की त्याने येशूची सगळी कथा मराठी ओव्यांत लिहिली. ओव्या दहा हजारांच्या वर. 'क्रिस्तपुराण' 1616 साली छापलं गेलं, रोमन लिपीत. त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज उरलेली नाही. हस्तलिखितांतून मात्र ते टिकलं आणि चर्चमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाचलं गेलं. येशूच्या दुःखसहनाची कथा त्याच्या दुसऱ्या भागात येते. मी शुक्रवारी संध्याकाळी तो भाग मोठ्याने वाचते. पहिल्या वर्षी काकू दाराशी उभ्या राहिल्या, दुसऱ्या वर्षी आत येऊन बसल्या. "ओवी आहे की गं ही," एवढंच म्हणाल्या आणि शेवटपर्यंत बसून राहिल्या.

शनिवारची रात्र

काळोख. सगळे दिवे बंद, चर्चच्या बाहेर शेकोटी. तिच्यावर एक मोठी मेणबत्ती पेटवतात, तिच्या अंगावर चालू वर्षाचे आकडे आणि धुपाचे पाच खडे, पाच जखमांचे. ती आत येते आणि तिच्यावरून हजार छोट्या मेणबत्त्या पेटत जातात. मग एक लांब स्तुतिगीत गातात. त्यात चक्क मधमाशीचे आभार आहेत, कारण मेण तिने केलं! नऊ वाचनं, जगाच्या उत्पत्तीपासून रिकाम्या थडग्यापर्यंत. आणि ग्लोरियाला घंटा परत.

हा रात्रीचा विधी कित्येक शतकं शनिवारी सकाळीच, लख्ख उजेडात उरकला जायचा. 1951 साली पोप बारावे पायस यांनी तो पुन्हा रात्री करायला परवानगी दिली. म्हणजे माझ्या आजीने लहानपणी ईस्टरची मेणबत्ती सकाळच्या उन्हात पेटताना पाहिली असणार.

पंचगंगेवर अहिल्याबाई होळकरांचा दगडी हजारा दीपस्तंभ आहे, देवदिवाळीला तो पेटतो. कार्तिकात मी तो पाहिला तेव्हा मला ईस्टरची रात्र आठवली. शनिवारी मध्यरात्री कँटोन्मेंटहून परतताना घाटावर उतरले, तर स्तंभ काळोखात होता आणि माझ्या हातात अर्धी जळलेली मेणबत्ती होती.

अंडी

जुन्या काळी युरोपात उपवासकाळात अंडीही वर्ज्य होती. कोंबड्यांना ते कोण सांगणार? चाळीस दिवस अंडी साठत जायची आणि ईस्टरला सगळी एकदम बाहेर यायची. रंगवलेलं अंडं असं सणाचं झालं. वांद्र्याच्या बेकऱ्यांत आता ती मार्झिपानची मिळतात. मी खोलीतच काजू-साखरेची करते, अंड्याचा थेंब न घालता, कारण त्यांतली निम्मी काकूंकडे जातात.

ईस्टरच्या दिवसांत बहुतेकदा काकूंची चैत्रगौर झोपाळ्यावर बसलेली असते, अक्षय्यतृतीयेपर्यंत. मी गुलाबी अंड्यांची बशी घेऊन गेले तर त्यांनी आंब्याची डाळ आणि पन्ह्याचा पेला पुढे केला.

"संपला ना एकदाचा तुझा चालीसा?"

"संपला, काकू. आता पन्नास दिवस ईस्टर. ती मोठी मेणबत्ती तोपर्यंत वेदीपाशी राहते."

"चाळीस दिवस उपास आणि पन्नास दिवस सण?" त्यांनी एक अंडं उचललं, उजेडात धरून पाहिलं आणि चैत्रगौरीसमोरच्या फळांत ठेवलं. "मग पन्हं दोन पेले पी."